रिट्रीटला गेले होते

आमच्या घरात 'रिट्रीट' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यावरून बरीच वर्षं एक गोंधळ चालला होता. माझी धाकटी मावशी गोव्यात, मांद्र्याच्या बाजूला, समुद्रकिनारी असलेल्या एका महागड्या वेलनेस रिट्रीटमध्ये थेरपिस्ट आहे. थेरपिस्ट म्हणजे मसाज करणारी. आजीला मात्र रिट्रीट म्हटलं की एकच गोष्ट माहीत: चॅपल, मौन, मिस्सा, कन्फेशन आणि दुपारी भात-आमटी. त्यामुळे रविवारी चर्चमधून बाहेर पडताना कुणी विचारलं की आजी अभिमानानं सांगायची, "धाकटी रिट्रीट हाउसला असती, गोव्याला." एकदा तिनं मावशीलाच विचारलं, "तुमच्याकडं आता फादर कोण हाईत?" मावशी म्हणाली, "फादर नाहीत गं, मॅनेजर आहे."

या मे महिन्यात मी त्या दुसऱ्या रिट्रीटला दोन रात्री राहून आले. फुकट. हंगाम संपत आला की तिथल्या खोल्या रिकाम्या पडतात, तेव्हा जुन्या कामगारांच्या घरच्या एका माणसाला पाहुणा म्हणून राहू देतात. अकरा हंगाम काम केल्यावर मावशीची पाळी आली. आईला रजा मिळेना, आजीला चोर्ला घाटातला प्रवास झेपत नाही, म्हणून नंबर माझा लागला. नाहीतर तिथल्या एका रात्रीचं भाडं माझ्या एका सेमिस्टरच्या फीपेक्षा जास्त आहे. परत आल्यावर वर्गातल्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिथं नक्की करतात काय?" मंडळाच्या या अंकासाठी त्याचंच उत्तर नीट लिहून काढायचं ठरवलं.

एक शब्द, दोन घरं

रिट्रीट म्हणजे मागे सरणं. सैन्य माघार घेतं तेव्हाही इंग्रजीत हाच शब्द वापरतात. रोजच्या धबडग्यातून चार पावलं मागे यायचं, एवढाच मूळ अर्थ. आपल्या कॉलेजात दरवर्षी जे रिट्रीट होतं, त्याच्यावर ज्या माणसाचा सगळ्यात मोठा ठसा आहे, तो स्वतः सैनिक होता. इग्नेशियस लोयोला. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला आणि तो कित्येक महिने लोयोलाच्या घरी अंथरुणावर पडून राहिला. वेळ घालवायला त्यानं शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र हातात आलं. बरा झाल्यावर मान्रेसा गावात राहून त्यानं ज्या नोंदी केल्या, त्यांतून 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक तयार झालं. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. ही साधना चार 'आठवड्यांची', म्हणजे साधारण तीस दिवसांची आहे. आपण करतो ती तिची एक-दोन दिवसांची छोटी आवृत्ती. म्हणजे आपल्या रिट्रीटची सुरुवातसुद्धा एका आजारी माणसाच्या सक्तीच्या विश्रांतीतूनच झाली. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या घराण्याचा इतिहास पाण्याचा आहे. 'स्पा' हे बेल्जियममधल्या एका गावाचं नाव. तिथल्या खनिजयुक्त झऱ्यांचं पाणी प्यायला लांबून लोक येत, आणि पुढे गावाचं नाव हेच अशा सगळ्या जागांचं नाव झालं. समुद्राची पाळी उशिरा आली. अठराव्या शतकाच्या मध्याला रिचर्ड रसेल या इंग्लिश डॉक्टरनं ग्रंथींच्या आजारांवर समुद्राचं पाणी हे औषध असल्याचं लिहिलं. त्यात अंघोळ करायची आणि ते प्यायचंही! श्रीमंत लोक ब्रायटनच्या किनाऱ्याकडे धावू लागले. १८९९ मध्ये फ्रान्समधल्या रॉस्कॉफला लुई बागो या डॉक्टरनं समुद्राच्या पाण्यानं उपचार करणारं केंद्र काढलं. त्याआधी समुद्र म्हणजे कोळ्यांची आणि खलाशांची कामाची जागा होती. तिथं विश्रांतीला जायचं ही कल्पना तुलनेनं नवी आहे.

आपल्याकडेही याला एक साधा, सुंदर शब्द होता: हवापालट. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा हाच इलाज होता. मिरजेजवळ वानलेसवाडीचं सॅनेटोरियम त्याच काळातलं. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि हळूहळू सॅनेटोरियमची गरज संपत गेली. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत हवापालटाला पोर्तुगीज शब्द होता, 'मुदांसा', म्हणजे बदल. मे महिन्यात आतल्या गावांतली कुटुंबं भांडीकुंडी, तांदूळ, लोणच्याच्या बरण्या घेऊन किनाऱ्यावर भाड्याच्या घरात राहायला जायची. समुद्रात आंघोळ करायची, खारं पाणी अंगाला लागू द्यायचं, की वर्षभर हाडं दुखत नाहीत, ही समजूत. आजीच्या एका आत्याचं सासर म्हापशाकडे होतं, ती कोलव्याला नाही तर कळंगुटला जायची म्हणे. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर बरं वाटायला जाणं गोव्याला नवीन नाही. फरक एवढाच की तेव्हा स्वयंपाक बरोबर गेलेल्या बायकाच करायच्या. आजीचा त्यावर शेरा: "मुदांसा पोरांचा न् बाप्यांचा. बायकांची नुसती चूल बदलायची."

समुद्रच का, आणि उष्ण देशातलाच का

गोवा विषुववृत्तापासून साधारण पंधरा अंश उत्तरेला आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या बराच आत. युरोपात बर्फ पडत असतो तेव्हा इथं सकाळी सुती कपड्यांत वाळूवर बसता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा हिवाळा आणि आपला हंगाम. उष्ण प्रदेशातल्या वेलनेसचा निम्मा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. बाली असो, श्रीलंका असो, केरळ असो.

दुसरं कारण वाऱ्याचं. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा गरम होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. रात्री उलटं: जमीन लवकर गार होते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणून तिथल्या झोपड्यांना (दिसायला झोपड्या, आत संगमरवरी न्हाणीघर) समुद्राच्या बाजूला मोठी दारं असतात. दुपारी चारला एसी न लावता मी गाढ झोपले ती या वाऱ्यामुळे. लाटांचा आवाजही मदत करतो. तो सारखा चालू राहतो, त्यात अचानक काही होत नाही, आणि मध्येच वाजणारे हॉर्न, भांडी, कुत्री त्याखाली बुडून जातात.

दिवस कसा जातो

पहिला धक्का मला दारातच बसला. मोबाइल काढून घेतला! कापडी पिशवीत घालून, चिठ्ठी बांधून कपाटात. आपल्या रिट्रीटला सिस्टर पुठ्ठ्याच्या खोक्यात गोळा करतात, एवढाच फरक. मग वेळापत्रक मिळालं. सहाला घंटा, साडेसहाला योग, आठला नाश्ता, दहाला उपचार, दुपारी विश्रांती, पाचला समुद्रावर चालणं, साडेसहाला जेवण, आठनंतर मौन. मी मावशीला म्हटलं, "हे तर आपलंच आहे गं." ती म्हणाली, "असंच आहे की. नुसतं कन्फेशनच्या जागी कन्सल्टेशन."

कन्सल्टेशन म्हणजे वैद्यांची भेट. तिथल्या वैद्य बीएएमएस झालेल्या होत्या, म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि मग भरपूर प्रश्न विचारले: झोप किती, भूक कधी लागते, पोट साफ होतं का, पाळी नियमित आहे का, राग लवकर येतो का. यावरून प्रकृती ठरवतात. वात, पित्त, कफ यांचं तुमच्यात काय प्रमाण आहे, ते. मी वात-पित्ताची निघाले. प्रकृतीची ही विभागणी आधुनिक वैद्यकात बसते की नाही हा वेगळा वाद. पण एक मान्य केलं पाहिजे: कुणीतरी पाऊण तास शांतपणे माझ्या झोपेबद्दल विचारलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आपल्या डॉक्टरांना तेवढा वेळच नसतो.

जेवणाची गंमत सांगते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला नारळाच्या करवंटीत काहीतरी पांढरं आलं, वर भोपळ्याच्या बिया. मेनूकार्डावर नाव होतं 'वॉर्म राइस डिटॉक्स बोल'. चाखलं तर पेज! आपल्याकडे तापात देतात ती. गोव्यात शेतावर राबणारी माणसं सकाळी अकराला लोणच्याबरोबर खातात ती. आयुर्वेदात मोठ्या शोधनानंतर पोट हळूहळू पूर्वपदावर आणताना पेया, मग विलेपी, मग घट्ट भात असा क्रम सांगितला आहे, तेव्हा पेजेला तिथं जागा आहेच. फक्त ती करवंटीतून पिताना मला आजीची आठवण येऊन हसू येत होतं.

उपचार: काय खरं, काय जास्तीचं

अशा ठिकाणी सगळ्यात जास्त चालणारे उपचार दोन. अभ्यंग म्हणजे कोमट तेलानं सर्वांगाला मालिश. तेल बहुधा तिळाचं, त्यात औषधी काढे मुरवलेले. शिरोधारा म्हणजे कपाळावर तेलाची किंवा ताकाची बारीक धार सोडणं. भांडं कपाळापासून चार बोटांवर टांगतात आणि धार कपाळाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश फिरवतात, अर्धा-पाऊण तास. सुरुवातीला विचित्र वाटतं, मग विचार एकेक करून गळून पडतात. यात मनाला विश्रांती मिळते हे मी स्वतः अनुभवलं. त्यापलीकडे मोठमोठे रोग बरे होतात असं कुणी सांगितलं तर मात्र सावध राहायचं.

'पंचकर्म' हा शब्द तिथं सगळ्यात सैलपणे वापरला जातो. खरी पाच कर्मं अशी: वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण. म्हणजे औषधानं उलटी करवणं, जुलाब करवणं, एनिमा, नाकातून औषध आणि रक्त काढणं. त्याआधी स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तेल-तूप आणि घाम, ही तयारी. आणि नंतर पथ्याचा काळ. हे सगळं नीट करायला दोन-तीन आठवडे लागतात आणि त्यात आरामशीर असं काहीच नाही. तीन दिवसांच्या पॅकेजवर 'पंचकर्म' लिहिलेलं असेल तर समजायचं, यात फक्त तयारीचा भाग आहे: तेल आणि वाफ. ते वाईट नाही. पण नाव चुकीचं आहे.

ऋतूचीही एक गंमत आहे. आयुर्वेदात शोधनाचे ऋतू ठरलेले आहेत. वसंतात वमन, पावसाळ्यात बस्ती, शरदात विरेचन. केरळात तर कर्किडकम हा भर पावसाचा महिना, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, उपचारांसाठी सर्वांत चांगला मानतात. आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ जागा नेमक्या पावसाळ्यात बंद असतात, कारण समुद्र खवळलेला, झोपड्या उतरवून ठेवलेल्या. शास्त्राचा हंगाम आणि विमानाच्या तिकिटांचा हंगाम वेगळा आहे. धंदा दुसऱ्यावर चालतो.

राहिला 'डिटॉक्स'. शरीरातली घाण बाहेर काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात. हिरव्या रसानं ती जास्त जोरात चालायला लागत नाहीत. तीन दिवसांत दोन किलो वजन उतरलं असं पाहुणे आनंदानं सांगतात. त्यात बहुतेक भाग पाण्याचा आणि शरीरात साठवलेल्या साखरेचा असतो, घरी जेवायला लागलं की परत येतो. मग लोकांना बरं वाटतं ते कशानं? मला वाटतं, साध्या गोष्टींनी. लवकर झोप, लवकर जेवण, दारू नाही, फोन नाही, चालणं, ऊन, आणि कुणीतरी काळजीनं अंगाला हात लावणं. यातल्या कशाचंही पेटंट घेता येत नाही, म्हणून त्याला करवंटीत घालून विकावं लागतं.

मावशीचा अंगठा

दुसऱ्या दिवशी माझ्या अभ्यंगासाठी यादीत नाव होतं मावशीचं. मी वैद्यबाईंना म्हटलं, दुसरं कुणीही चालेल. मावशीनं ऐकलं नाही. "तू पाहुणी आहेस. मुकाट्यानं झोप."

मी डोळे मिटून पालथी पडले आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की ती उजवा अंगठा वापरतच नाहीये. तळहातानं, मनगटाच्या मागच्या भागानं, कोपरापासूनच्या हातानं दाब देतेय. पाठीच्या कण्याशेजारी जिथं अंगठाच लागतो तिथं डावा. मी अंग ताठ केलं. "सोड की गं अंग," ती म्हणाली. मला सोडता येईना. एका तासाच्या त्या उपचारात मला एक मिनिटही विश्रांती मिळाली नाही.

रात्री तिच्या खोलीवर गेले. किनाऱ्यापासून आत, मोठा रस्ता ओलांडून, भाड्याच्या दोन खोल्यांत पाचजणी राहतात. तिथं तिनं सांगितलं. जानेवारीपासून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखतंय. म्हापशाच्या डॉक्टरांनी त्याला 'डी क्वेरव्हेन' असं नाव सांगितलं. अंगठा हलवणारे स्नायूबंध ज्या बारीक नळीतून जातात, ती तोच तोच ताण पडून सुजते. इलाज? पट्टा बांधायचा आणि सहा आठवडे त्या हाताला विश्रांती. ती हसायला लागली. "दिवसाला पाच बॉडी मसाज करतो मी. हंगामात सहा. विश्रांती आम्ही देतो, घेत नाही." (आमच्याकडे बायकाही 'करतो', 'जातो' म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.)

तिचं काम ऑक्टोबर ते मे असतं. आजारी पडलं की त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि पाहुण्यांनी खुशीनं दिलेल्या टिपमधला वाटाही नाही. पावसाळ्यात पगार नाही. जानेवारीत सहा आठवडे थांबणं म्हणजे वर्षाच्या कमाईचा सगळ्यात जाड तुकडा सोडणं. म्हणून तिनं मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं आणि मेपर्यंत ओढलं. त्या रिट्रीटमध्ये सगळी माणसं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. वैद्यबाईंनी तिला दोनदा स्वतःचं तेल दिलं, मॅनेजरनं एका आठवड्यासाठी तिला फक्त शिरोधारेचं काम दिलं. पण त्या सगळ्या सुंदर वेळापत्रकात हात थकण्यासाठी रकानाच नव्हता.

वाळू कुणाची

पाचच्या फेरीला मी किनाऱ्यावर चालत गेले. रिट्रीटच्या आरामखुर्च्यांपुढे एक जाड दोरी बांधलेली आहे. ती दोरी सजावटीची. कायद्यानं किनारा कुणाच्या मालकीचा होत नाही, त्यावर कुणालाही चालता येतं. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा किनारी नियमन क्षेत्रात, म्हणजे सीआरझेडमध्ये येतो. १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली १९९१ मध्ये पहिली अधिसूचना निघाली, पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ती बदलली. समुद्राला अगदी लागून पक्कं बांधकाम करता येत नाही, म्हणूनच गोव्यात लाकडाच्या, माडाच्या झावळ्यांच्या, हंगामापुरत्या झोपड्या उभ्या राहतात आणि पावसाआधी उतरवतात. पाहुण्यांना ती 'निसर्गाच्या जवळची' शैली वाटते. तिच्या मुळाशी कायदा आहे.

मांद्रे, मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वर येते, वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेनं चालायला लागतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राची बाजू जास्त उजळ असते, म्हणून ती बरोबर पाण्याकडे जातात. किनाऱ्यावर दिवे असले तर ती उलट, हॉटेलांकडे चालतात. एका अर्थी त्यांनाही अंधार आणि शांतता हवी असते, फक्त त्यांना बुकिंग करता येत नाही.

त्याच वाळूवर सकाळी रापण ओढणारी माणसं मी पाहिली. लांबच लांब जाळं होडीतून अर्धगोलात टाकून दोन्ही टोकांनी किनाऱ्याकडे ओढायचं. सगळ्यांनी मिळून करायचं काम. पाहुण्यांनी फोटो काढले असते, पण फोन पिशवीत होते. एका बाईंनी जाऊन दोराला हात लावला, दहा मिनिटं ओढला, आणि म्हणाल्या की योगापेक्षा हे अवघड आहे. म्हातारा रापणकार त्यांना म्हणाला, "उद्या परत यात." मला त्या सबंध दोन दिवसांतलं ते सगळ्यात खरं संभाषण वाटलं.

जायचं असेल तर, आणि जायचं नसेल तर

तुमच्यापैकी कुणी नोकरीला लागून, पैसे साठवून अशा ठिकाणी जाणार असाल तर जरूर जा. मी नाक मुरडत नाही. मला तिथं झोप लागली ती खरी होती. पण आधी काही गोष्टी विचारा. वैद्य कोण आहेत, शिक्षण काय, पूर्ण वेळ असतात का? 'पंचकर्म' म्हणत असतील तर त्यातली नक्की कोणती कर्मं आणि किती दिवस? चालू असलेली औषधं, रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण हे सगळं उपचाराआधी विचारतात का? न विचारता टेबलावर झोपवत असतील तर उठून यावं. रोजची औषधं कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. भाड्यात कर धरलाय का तेही बघा, कारण ७,५०० रुपयांवरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. आणि एक प्रश्न मी माझ्या बाजूनं घालते: तुमच्या थेरपिस्टला दिवसाला किती माणसं करावी लागतात? उत्तर ऐकताना समोरच्याचा चेहरा बघा. पुष्कळ पाहुण्यांनी हा प्रश्न विचारला तर कदाचित एक रकाना वाढेल.

जाणं शक्य नसेल तर तिथलं जे खरं आहे ते बहुतेक सगळं घरी करता येतं. रात्री साडेसातच्या आत जेवण. झोपायच्या खोलीत फोन नाही. आठवड्यातून एकदा कोमट तिळाचं तेल अंगाला लावून अर्ध्या तासानं अंघोळ. सकाळी अर्धा तास चालणं. आणि पेज, करवंटी ऐच्छिक. समुद्र मात्र घरी आणता येत नाही, ते कबूल.

दोन रिट्रीटमधला फरक मी परतीच्या बसमध्ये चोर्ल्याच्या वळणांवर मोजत होते. तिथं विचारतात, तुझं काय दुखतंय? आपल्या रिट्रीटला विचारतात, तू कुणाला दुखवलंस? दोन्ही प्रश्न लागतात. पहिला कुणी कधीच विचारला नाही तर माणूस मावशीसारखा मिठाची पुरचुंडी शेकत बसतो. दुसरा कुणी विचारला नाही तर आपण डोळे मिटून टेबलावर पडून राहतो आणि पाठीवरचा अंगठा बदलला हे आपल्याला कळतही नाही. शुभवर्तमानात एक प्रसंग आहे: शिष्य इतके दमलेले की त्यांना जेवायलाही सवड नाही, म्हणून येशू त्यांना घेऊन होडीतून एकांतात निघतो. किनाऱ्याला लागतात तर लोक आधीच धावत येऊन उभे. त्या दिवशी विश्रांती राहूनच गेली. पण त्यांना विश्रांती हवी आहे, हे त्याच्या आधी लक्षात आलं होतं, आणि ते त्यानं बोलून दाखवलं होतं.

मावशी आता बेळगावात आहे. हाताला पट्टा आहे. आजीनं तिला भांड्यांना हात लावायची बंदी केली आहे. कणीक मी मळते, कपडे आई धुते. आजीला अखेर सगळा खुलासा झाला, तिथं फादर नाहीत आणि लोक पैसे देऊन मौन पाळतात हेही कळलं. थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "पैसे देऊन का हुईना, पाळतात न्हवं." मग तिनं मावशीसाठी पेज टाकली.

डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत, चार झालेत. ऑक्टोबरात परत जायचं की इथंच काही बघायचं, ते अजून ठरलेलं नाही.